उभ्या मोटरहोमची बॅटरी: सॉकेट आहे, ऊन आहे, की दोन्ही नाही?

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की ठाणे आणि नवी मुंबईतली बरीच मोटरहोम्स सोसायटीच्या आवारात नाहीतर भाड्याच्या प्लॉटवर उभी राहतात, ती थेट गणपतीला हलतात. गावाला निघायच्या आदल्या रात्री चावी फिरवली की सेल्फ नुसता 'खट' करतो, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि शेजारच्या गाडीतून वायर आणण्यासाठी धावपळ सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, बॅटरी गेली. ती त्या रात्री गेलेली नसते. जुलैत कधीतरी अर्धी उतरली आणि तशीच अर्धी पडून राहिली, तेव्हाच ती गेलेली असते.

लेड-ॲसिड बॅटरीला रोजच्या वापरापेक्षा अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं जास्त नडतं. बॅटरी उतरताना प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा मऊ थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. आठवडेच्या आठवडे तसाच राहिला तर त्याचे कडक खडे होतात आणि मग कुठल्याही चार्जरने ते पूर्ण निघत नाहीत. बॅटरीची क्षमता तिथेच कायमची घटते. आपल्याकडची हवा त्यात भर घालते. साधी बॅटरी काहीही न जोडता २५ अंशांना महिन्याला साधारण ५ टक्के उतरते आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. बंद गाडीत सीटखाली ठेवलेल्या बॅटरीला एप्रिल-मेमध्ये ३५ अंश म्हणजे काहीच नाही.

म्हणून एक आकडा डोक्यात ठेवा: १२.४ व्होल्ट. काही तास विश्रांती घेतलेली चांगली लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते, एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत मुरवलेली सीलबंद बॅटरी) असेल तर १२.८ किंवा थोडं जास्त. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंग पुढे ढकलायचं नाही. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, कारण तेव्हा १३ च्या वरचा फसवा आकडा दिसतो. रात्रभर थांबा, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि थोड्या वेळाने मोजा. दर १५ दिवसांनी मोजून ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपवर तारीख आणि व्होल्टेज लिहून ठेवलं तर दोन महिन्यांत ती पट्टीच तुमच्या गाडीचा स्वभाव सांगते.

मोटरहोममध्ये बॅटऱ्या दोन असतात हे विसरून चालत नाही. एक इंजिनाची, सेल्फ मारणारी. दुसरी घराची: दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रिज, इन्व्हर्टर चालवणारी. ट्रॅव्हलर किंवा विंगर या व्हॅनवर बांधलेल्या गाड्यांत दोन्ही १२ व्होल्टच्या असतात. बसच्या चासीवरच्या मोठ्या गाडीत इंजिनाकडे २४ व्होल्टही असू शकतात, तेव्हा चार्जर घेण्याआधी बघून घ्या. बाहेरून वीज जोडली की दोन्ही चार्ज होतात असं बहुतेकांना वाटतं. बऱ्याच गाड्यांत ती फक्त घराची बॅटरी भरते आणि इंजिनाची तशीच उपाशी राहते. तपासायला एक मिनिट लागतं: वीज जोडण्याआधी आणि जोडल्यावर इंजिनाच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजा. आकडा १३ च्या वर गेला नाही तर तिच्यापर्यंत काही पोचत नाही.

आधी गळती बंद करा

चार्जर कुठला, पॅनल केवढं, हे प्रश्न नंतरचे. आधी गाडी बंद असताना किती करंट खाते ते बघा. इंजिनाच्या बाजूला ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक समजतात: ईसीयू (गाडीतले छोटे कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक, म्युझिक सिस्टिमची मेमरी. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास, बॅटरीतल्या विजेचं माप), महिन्याला ३६ एएच. ८० एएचची बॅटरी महिन्याभरात अर्ध्यावर येते, ती यातूनच, आणि तिचं स्वतःचं उतरणं वेगळं. भाड्याने चालणाऱ्या, परमिटच्या गाडीत गाडी कुठे आहे ते कळवणारा एआयएस-१४० ट्रॅकर असतो, तोही सतत खातो.

घराच्या बाजूचा खरा चोर म्हणजे इन्व्हर्टर. काहीही जोडलेलं नसताना नुसता चालू ठेवलेला १००० वॉटचा इन्व्हर्टर अर्धा ते दीड अँपिअर घेऊ शकतो. एक अँपिअर धरला तरी दिवसाला २४ एएच. १५० एएचची ट्युब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली लेड-ॲसिड बॅटरी) तीन दिवसांत अर्धी. गॅस डिटेक्टर छोटा दिसतो, पण तोही ५० ते १०० मिलिअँपिअर घेतो. तो बंद करायचा असेल तर आधी सिलिंडर बंद करून गाडीतून बाहेर काढा. सोसायटीत उभ्या गाडीत सिलिंडर ठेवूच नये, हे बॅटरीचा विषय नसला तरी सांगणं भाग आहे.

गळती मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, नॉब डीसी अँपिअरवर. गाडीची चावी काढा, बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून टाका, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल आणि आतला दिवा मोजमापात येणार नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर त्या वायरीच्या आणि बॅटरीच्या निगेटिव्हच्या मध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, एखादा अँपिअरसुद्धा. घाबरू नका, ईसीयू झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबा, मग वाचा. ५० च्या बराच वर असेल तर फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, चोर त्या वायरीवर आहे. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही आणि इन्व्हर्टर चालू करायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडतो.

आता एक गळती अशी, जी या पद्धतीने सापडत नाही, आणि खाडीकाठच्या दमट हवेत हमखास असते. बॅटरीच्या डोक्यावर धूळ बसते, त्यात ॲसिडची वाफ आणि ओल मिसळते आणि दोन टर्मिनलांमध्ये एक चिकट, वीज वाहून नेणारा थर तयार होतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी टोकणी निगेटिव्हवर आणि लाल टोकणी बॅटरीच्या प्लास्टिकवर, पॉझिटिव्हपासून दोन-तीन बोटं लांब टेकवा. तिथे शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट, कधी दोन-तीन व्होल्टसुद्धा दिसतात, म्हणजे बॅटरी स्वतःच्याच डोक्यावरून उतरते आहे. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने कापड ओलं करून पुसा. फसफसलं तर ॲसिड होतं हे समजा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरडं करा. सेलची बुचं घट्ट हवीत, सोड्याचा थेंबही आत जाता कामा नये. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार याच पाण्याने निघतो. नंतर क्लॅम्प घट्ट करून वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. व्हॅसलीन आधी लावून मग क्लॅम्प बसवू नका.

बॅटरी गाडीपासून तोडणारा कट-ऑफ स्विच बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च. इंजिनाच्या बाजूचा स्विच सेल्फचा करंट पेलणारा हवा. डिझेल इंजिन सुरू होताना क्षणभर काही शे अँपिअर ओढतं, तिथे बाजारातला हलका स्विच तापतो आणि सेल्फ मंद फिरतो. स्विच निगेटिव्हवर लावतात. धूर साफ करायला युरिया वापरणाऱ्या बीएस-६ डिझेल गाडीत चावी काढल्यावर निदान पाच मिनिटं थांबूनच तो बंद करा, कारण इंजिन बंद झाल्यावरही युरियाचा पंप लाइन रिकामी करत असतो. मध्येच वीज तोडली की युरिया पाइपात सुकतो. सेंट्रल लॉक रिमोटने उघडणार नाही, तेव्हा चावीने दार उघडतं ना ते आधी बघा. ट्रॅकर सक्तीचा असेल तर मुख्य वीज तुटल्याचा इशारा तो पाठवतो, म्हणून त्याची वायर वेगळ्या फ्यूजसह स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला ठेवतात आणि त्याचं खाणं हिशोबात धरतात.

स्विच बसवताना एक चूक सारखी दिसते. चार्जर किंवा सोलर कंट्रोलरची (पॅनलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याची) वायर स्विचच्या गाडीकडच्या बाजूला जोडलेली असते. स्विच बंद केला की गाडीसोबत चार्जिंगही बंद. वर सोलर कंट्रोलरला पॅनल जोडलेलं पण बॅटरी नाही अशी अवस्था येते आणि काही कंट्रोलर त्यात जळतात. चार्जिंगच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, पॉझिटिव्हला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज घालून. पावसाळ्यात उंदीर-घुशी गाडीत शिरतात आणि वायरींचं प्लास्टिक कुरतडतात. फ्यूज नसेल तर ती वायर चासीला टेकून पेटते.

सॉकेट मिळत असेल तर

छतावर एसी असलेली गाडी स्टिल्टखाली बसत नाही, म्हणून ती बहुधा कंपाउंडच्या कडेला उघड्यावर असते, आणि सॉकेट लांब. सोसायटीची परवानगी लेखी घ्या आणि सब-मीटर स्वतःहून सुचवा. कमिटीला वाटतं गाडीचा एसी चालणार. भरलेल्या बॅटरीला धरून ठेवणारा छोटा चार्जर १० ते १५ वॉट घेतो, म्हणजे महिन्याला ७ ते ११ युनिट. हा आकडा अर्जात लिहिला की निम्मी चर्चा तिथेच संपते.

चार्जर तीन टप्प्यांचा घ्या: भरणारा, पूर्ण करणारा आणि मग फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राहील एवढ्याच व्होल्टेजवर, धरणारा. कायम जोडून ठेवायला २ ते ५ अँपिअरचा पुरे. उतरलेली बॅटरी भरायची असेल तर एएचच्या दहाव्या भागाइतका करंट हवा, १०० एएचला १० अँपिअर. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर कायमचा जोडून ठेवू नका. त्याला थांबायचं कळत नाही, तो १५ व्होल्टच्या पुढेही ढकलत राहतो, पाणी उकळून उडतं आणि बंद गाडीत हायड्रोजन साठतो. फ्लोट २५ अंशांना १३.६ च्या आसपास असतो. तापमान चढलं की तो उतरायला हवा, दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट, म्हणजे ३५ अंशांना १३.४. बॅटरीला चिकटवायचा तापमान सेन्सर ज्या चार्जरला असतो तो आपल्या हवेत जास्त पैसे देऊनही घ्यावा. तो नसेल तर ट्युब्युलरचं पाणी दर महिन्याला बघा. तरंगता दांडा लाल खुणेकडे गेला की डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही, बिसलेरीचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही. पाणी चार्ज झाल्यावर घाला. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ते वर येऊन सांडतं.

घेताना आणखी एक परीक्षा घ्या. चार्जिंग चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. काही चार्जर आपोआप परत सुरू होतात, काही 'स्टँडबाय'वर जाऊन बोटाची वाट बघत बसतात. आपल्याकडे पावसात लाइट जाणार, परत येणार. दुसऱ्या जातीचा चार्जर पहिल्या झटक्यालाच झोपतो आणि तुम्ही महिनाभर निर्धास्त राहता.

केबल आयएसआय मार्कची, तीन तारांची, १.५ चौरस मिलिमीटरची, आणि सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की ती तोडणारा स्विच). घरातला एक्स्टेंशन बोर्ड गाडीखाली टाकून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधणं हा प्रकार करू नका, तिथून लहान मुलं जातात. पाणीबंद औद्योगिक प्लग-सॉकेट वापरा, जोड जमिनीपासून उंच बांधा आणि प्लगच्या आधी केबलला खाली झोळ द्या. केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगात शिरत नाही. ओल लागून आरसीसीबी पडला की चार्जिंग थांबतं, म्हणून चार्जरचा दिवा बाहेरून, काचेतून दिसेल असा ठेवा. आवारात ईव्ही चार्जिंगची सोय असेल तर साधा १६ अँपिअरचा सॉकेट कामाला येतो, गाडीत खुपसायची ईव्हीची मोठी बंदूक नाही.

ऊन मिळत असेल तर

पॅनल छतावर असेल तर प्रश्न सुटला असं वाटतं. २० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ ते ५ एएच देतं, ५० मिलिअँपिअरच्या गळतीसाठी भरपूर. जुलैत तेच पॅनल ढगांखाली कसाबसा एक एएच देतं आणि हिशोब तोट्यात जातो. म्हणून आपल्याकडे फक्त इंजिनाच्या बॅटरीसाठी ५० वॉट, दोन्हींसाठी १०० वॉट धरा, तेही इन्व्हर्टर बंद असेल तर. घोडबंदरला किंवा खारघरला सगळीकडे बांधकामाची धूळ आहे आणि कबुतरं आहेत. आडव्या पॅनलवर विष्ठेचा एक सुकलेला डाग किंवा गुलमोहराच्या एका फांदीची सावली अख्ख्या पॅनलचा करंट खाली आणते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. आणि पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घातली की पॅनलही झाकलं जातं, हे घालणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ताडपत्री हवीच असेल तर पॅनलचा भाग मोकळा सोडून बांधा.

कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट. बहुतेक कंट्रोलर एकच बॅटरी भरतात, ती घराची. इंजिनाच्या बॅटरीसाठी दोन आउटपुटवाला कंट्रोलर घ्या, किंवा घराकडून इंजिनाकडे थोडा करंट सोडणारा छोटा मॉड्यूल. चालत्या गाडीत अल्टरनेटरवरून घराची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर उभ्या गाडीत काहीच करत नाही. दोन बॅटऱ्या व्होल्टेज बघून जोडणारा रिले असेल आणि घराची बॅटरी लिथियम असेल तर सावध राहा. लिथियम आयर्न फॉस्फेट नुसती पडून असतानाही १३.२-१३.३ दाखवते. रिलेला वाटतं चार्जिंग चालू आहे. तो जोडलेलाच राहतो आणि इंजिनाच्या बाजूची सगळी गळती लिथियममधून वाहते.

लिथियमचे नियमही उलटे आहेत. ती भरून ठेवायची नसते. ५०-६० टक्क्यांवर आणून, सगळं तोडून ठेवली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. तिला फ्लोट नको. भरलेली आणि तापलेली हीच तिची वाईट अवस्था, म्हणून मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत १०० टक्के भरून ठेवू नका. लेड-ॲसिडसाठीचा 'डीसल्फेशन' किंवा 'रिकंडिशन'वाला मोड तिच्यावर चालवू नका, तो व्होल्टेज १५ च्या वर नेतो. अगदी उतरली तर आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) तिला तोडून टाकतं आणि मीटर शून्य दाखवतो. साधा चार्जर अशा बॅटरीला ओळखतच नाही, लिथियमला जागं करण्याची सोय असलेला चार्जर लागतो.

दोन्ही नसेल तर

महापे, तुर्भे, कळंबोलीकडच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या प्लॉटवर गाडी असेल तर बॅटरी पूर्ण भरा, कट-ऑफ बंद करा आणि महिन्याने परत भरा. इंजिनाची बॅटरी २०-२५ किलोची असते, घरी आणता येते. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर लाल होतो आणि हातातली अंगठीही. १५० एएचची ट्युब्युलर ५० किलोच्या वर असते, ती उचलायच्या भानगडीत एकट्याने पडू नका. तिथे चार्जरच गाडीकडे न्यावा लागतो.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं गाडी सुरू ठेवणं हा उपाय नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, आणि बीएस-६ डिझेलच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठते ती वेगळीच. घोडबंदरच्या कोंडीत एसी लावून तासभर घालवणंही त्याच माळेतलं. न्यायची तर सकाळी सहाला काढा आणि माजिवड्यावरून नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत, किंवा पनवेलवरून जुन्या पुणे रस्त्याने चौकपर्यंत नेऊन परत आणा. टायर आणि ब्रेकलाही ते हवं असतं. मात्र १२.२ पर्यंत उतरलेली बॅटरी त्यानेही पूर्ण भरत नाही, शेवटचा पाव भाग भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात.

प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी इंजिनाची बॅटरी रात्रभर चार्ज करा, दिवसभर मोकळी ठेवा, मग मीटर टर्मिनलवर धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या वर राहिला तर निघा. ९.६ च्या खाली गेला, तर विश्रांतीतले १२.६ बघून समाधान मानू नका. त्या प्लेटांवर खडे बसलेले आहेत. नवी घेताना दुकानदाराला उत्पादनाचा महिना विचारा आणि पैसे देण्याआधी व्होल्टेज मोजा. फळीवर सहा महिने पडून १२.३ वर आलेली 'नवी' बॅटरी म्हणजे तुमच्याच गाडीतली जुलै महिन्यातली बॅटरी.